साडभाऊंचा मुकाबला

जगात ज्या गोष्टीची एकच प्रत आहे, त्या गोष्टीवर आमच्या थोरल्या साडूंचा काडीइतका विश्वास नव्हता. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमच्या वऱ्हाडी बोलीत साडभाऊ. ते अकोल्याच्या कचेरीत नक्कलखान्यात नोकरीला होते. जुन्या कागदांच्या नकला लोकांना उतरवून द्यायचं काम तिथं चाले. उतरवणारे वेगळे, साडभाऊ मुकाबला करणारे. मूळ कागद आणि नक्कल शेजारी शेजारी मांडायची, दोन्हींवर एकेक लाकडी पट्टी ठेवायची, समोर बसलेल्यानं नक्कल मोठ्यानं वाचायची आणि साडभाऊंनी मूळ कागदावरची पट्टी ओळीओळीनं खाली सरकवायची. कुठं शब्द गळला की पट्टी थांबे, तांबडी पेन्सिल चाले आणि उतरवणाऱ्याचा चेहरा पडे.

हे काम कचेरीत पाच वाजता संपलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण साडभाऊंची पट्टी घरीही चालूच. मला अमरावतीला एक साधं पोस्टकार्ड टाकायचं तरी आधी त्याची नक्कल वहीत उतरवून ठेवत, आणि पुढं कधी आमच्याकडे आले की चहा यायच्या आत विचारत, "ते कार्ड काढा बरं. रस्त्यात काई सांडलं तं नाई ना?" मग कार्ड आणि वही शेजारी मांडून 'इकडील सर्व क्षेम' इथपासून मुकाबला. वाचनालयात दोन वर्तमानपत्रं पुढ्यात घेऊन एकच बातमी ताडत बसत. एकात सभेला 'अलोट गर्दी' आणि दुसऱ्यात 'बरीच गर्दी' असली की दिवसभर बेचैन. त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या अक्कांची तर फारच पंचाईत. माहेरची एखादी गोष्ट त्या रंगात येऊन सांगायला लागल्या, की हे मध्येच म्हणणार, "मागच्या खेपेले पाहुने चार होते. आता पाच काहून झाले?" अक्काही काही कमी नव्हत्या. "पाचवा तुमच्यासारखा उशिरा आला," म्हणून त्या पुढं चालू लागत.

आमच्या लग्नात तर त्यांनी कळसच केला. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरचा तो दुसरा उन्हाळा. नवी रीत अजून लोकांच्या तोंडात बसायची होती, वंदनेचे कागद हातानं उतरवून एका गावाहून दुसऱ्या गावी जात. लग्न लावायला आलेल्या गृहस्थांनी आपला कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. आम्ही दोघं हार धरून उभे. एवढ्यात मांडवातून आवाज आला, "थांबा! तुमची एक ओळ गेली!" साडभाऊ आपला कागद घेऊन पुढं. सासरेबुवा डोळे वटारून पाहताहेत, वऱ्हाडी मंडळी घामानं निथळताहेत, आणि हे त्या गृहस्थांना खाली बसवून दोन कागदांवर दोन पट्ट्या लावताहेत. पट्ट्या लग्नात कशाला आणल्या होत्या, हे विचारायची सोय नव्हती. ओळ खरंच गळली होती. दोन ओळींची सुरुवात सारखी, त्यामुळं उतरवणाऱ्याची नजर एकीवरून दुसरीवर घसरली होती. त्या सज्जनांनी ओळ लिहून घेतली, आभारसुद्धा मानले. मला बायको अर्धा तास उशिरा मिळाली.

त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात जे काही म्हटलं, ते सगळं मला पुढं दोनच वर्षांत परत घ्यावं लागलं.

तेव्हा मी अमरावतीला एका हापिसात हंगामी कारकून होतो. साडभाऊ कायम, मी हंगामी. सासुरवाडीला जेवायला बसलो की तूपसुद्धा त्या हिशेबानं वाढलं जाई, असं मला वाटे. अखेर कायम जागेवर माझी निवड झाली. घरात बायकोला सातवा महिना, माय गावाहून आमच्याकडे राहायला आलेली. सगळं जुळून आलं होतं, फक्त वयाची अट पंचविशीची. शाळेच्या दाखल्यावरची तारीख हापिसाला पटेना, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. आमच्या गुरुजींनी अर्धा वर्ग एकाच तारखेला जन्माला घातला होता. जन्माच्या नोंदीची नक्कल आणा, म्हणाले, आठ दिवसांत. पातूरकडच्या आमच्या गावाचं दप्तर अकोल्याला. नक्कल आली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर, 'मुलगा' बरोबर, पण तारखेप्रमाणं मी सव्वीस पुरा होऊन वर गेलेला. नोकरी गेली म्हणून मी धरूनच चाललो.

मी अकोल्याला धावलो. साडभाऊंनी धीर वगैरे काही दिला नाही. मूळ बुक काढलं, पट्ट्या लावल्या, मला वाचायला बसवलं. अक्षर न् अक्षर जुळलं.

"नक्कल बरोबर हाय," ते म्हणाले.

"म्हणजे मी गेलो."

"नक्कल बरोबर हाय म्हनलं. तुमी बरोबर हा का नाई, ते पाहाचं राह्यलं." एकाच कागदावर त्यांचा विश्वास कुठं होता! दोन दिवस दुपारच्या सुटीत डबा न उघडता ते आमच्या गावच्या कागदांचे बस्ते झाडत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मृत्यूच्या बुकापुढं उभं केलं. तोच बाप, तेच गाव. मुलगा, वय आठ महिने, ताप. साडभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साडभाऊ, ह्या नक्कलेपरमानं तुमी कवाचेच मेले हा."

पुढं दोन वर्षं सोडून जन्माच्या बुकात आणखी एक 'मुलगा' निघाला. तो मी. बुकात पोरांची नावं लिहायची पद्धतच नव्हती, म्हणून उतरवणाऱ्याला जो पहिला सापडला तो त्यानं दिला. मी चोवीस वर्षांचा निघालो. त्या कचेरीच्या पायरीवर बसून मी इतका मोठा श्वास सोडला, की शेजारचा अर्जनवीस दचकला. सातव्या दिवशी नवी नक्कल हापिसात पोचली. नोकरी राहिली.

पुढच्या रविवारी साडभाऊ अमरावतीला आले. मी हसत हसत मायला सांगितलं, "माय, कागदावर मी मेलो होतो." ती हसली नाही. हातातली भाकर तिनं परातीत ठेवली. मला एक मोठा भाऊ होता, हे तिनं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

"पाहुने," ती साडभाऊंना म्हणाली, "त्याची बी लिखापढी हाय तिथं?"

"हाय ना, माय."

तिला दाखवायला म्हणून मी खिशातली ती पहिली, वाया गेलेली नक्कल काढली. साडभाऊंनी ती घेतली, मायच्या समोर बसले आणि वाचायला लागले. सवयीनं मीही शेजारी सरकून कागदावर बोट ठेवलं. गावाचं नाव झालं, तारीख झाली, बापाचं नाव झालं.

"अन् त्याचं नाव?" माय म्हणाली. "सुखदेव ठेवलं होतं आम्ही. लिवलं हाय का?"

माझं बोट 'मुलगा' या शब्दावर होतं. कागदावरची नजर न काढता, कचेरीत नक्कल वाचली जाते तशाच आवाजात साडभाऊंनी वाचलं, "मुलगा, नाव सुखदेव."

मायनं मान हलवली. "आनखी एकदा वाचा," म्हणाली. त्यांनी पुन्हा वाचलं, नावासकट. मी बोट पुढच्या ओळीवर सरकवलं.