गुलाबदाणी

परवा कन्हेरीच्या एका लग्नात दारातल्या पोरीनं अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

नव्वदच्या दशकात कळंबला माझा दवाखाना होता. बारामतीला डॉक्टरांच्या संघटनेची वार्षिक सभा असली, की आम्हा तिघी लेडी डॉक्टरांचं काम ठरलेलं. काठापदराची साडी नेसून दारात उभं राहायचं आणि पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं. आम्ही आत जाईपर्यंत नवी कार्यकारिणी निवडून झालेली असायची.

त्या वर्षी सकाळी एक अडलेलं बाळंतपण उरकून मी तशीच एसटीनं आले होते. हाताला स्पिरिटचा वास होता. अध्यक्षांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी गुलाबदाणी माझ्या हातात दिली.

"बाई, तुमी दारात थांबा. पाहुण्यांना बरं वाटतं."

मी गुलाबदाणी घेऊन सरळ आत गेले आणि ती त्यांच्याच टेबलावर ठेवली. "तात्या, सचिवपदासाठी माझं नाव लिहा."

"आन् अनुमोदन कोण देणार हाय?" तात्या हसले. सगळी सभा हसली.

"मी देते." वडगाव निंबाळकरच्या डॉक्टर सुमनताई दार सोडून आत आल्या होत्या. हसू थांबलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, हिंमत माझी होती. आता कळतं, ताईंच्या त्या दोन शब्दांशिवाय माझं नाव हशातच विरलं असतं.

निवडणुकीत मी सपाटून पडले. पण पुढच्या वर्षी आम्ही तिघी वेळेआधी येऊन पहिल्या रांगेत बसलो. पाहुणे आले, तेव्हा दारात गुलाबपाणी शिंपडायला तात्या स्वतः उभे होते.