वास्त्यांची भाजी
परवा चंद्रपूरच्या बाजारात वास्त्यांचा, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचा, उग्र वास आला आणि वीसेक वर्षांपूर्वीची ती दुपार आठवून डोकं तापलं. मी तेव्हा एटापल्लीकडच्या खेड्यांत नर्स होते आणि समाजमंदिराच्या भिंतीवर सकस आहाराचा तक्ता लावून बायकांना सफरचंद, गाजर, दूध दाखवत होते. कडेवर काडीसारखं पोर घेतलेली एक बाई पुढे आली, तिने सफरचंदावर बोट ठेवलं. "हे कुठी भेटते बाई? आमच्याकडं तर हे असते." तिच्या टोपलीत सकाळी जंगलातून आणलेले वास्ते होते. "हेही चांगलंच आहे, पोटभर खा," मी म्हटलं. ती बाहेर पडली आणि दारातच फॉरेस्ट गार्डने टोपली हिसकावली. "जंगलातून तोडता येत नाई, कितीदा सांगावं तुले?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी तक्ता गुंडाळत राहिले. ती गेल्यावर गार्डने त्याच टोपलीतले ओंजळभर वास्ते कागदात बांधून माझ्यापुढे धरले, "घ्या सिस्टर, कवळे आहेत." मी घेतले. रात्रभर पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी भाजी केली. त्या गार्डचा राग अजून येतोच, पण त्याहून जास्त राग याचा येतो की भाजी चांगली झाली होती आणि मी ती पोटभर खाल्ली.