थुंकीचं भांडं

खोतानं तोंडातला घोट माझ्या तोंडावर थुंकला. माझ्या हातात पितळेची पिकदाणी होती, थुंकायचं ते तिच्यात. त्यानं मुद्दाम चुकवलं. गोव्याचे दोन पाहुणे खो खो हसले.

मी त्याची जमीन कसणाऱ्या कुळाची बायको. दोडामार्गाकडचं आमचं गाव. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि आमच्याकडे दारूबंदी. खोत हद्दीपलीकडून फ्रान्सची तांबडी दारू चोरून आणायचा. बर्गंडी म्हणायचे तिला. कोठीत गवतावर आडव्या निजवलेल्या बाटल्या. वर्षातून एकदा त्यातली एक उघडायची. पेला उजेडाला धरायचा, कडेला विटकरी झाक आली का बघायचं. हुंगायचं. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. दारू तयार झाली की नाही, ते असं ठरायचं. भांडं धरून उभं राहायचं ते मी. वेठीला.

डोळे चुरचुरत होते. पुसायला हात मोकळा नव्हता. खोतानं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं.

"दारू कच्ची आसा," तो पाहुण्यांना म्हणाला. "ही मात्र तयार झाली."

आणि हात खाली उतरला.

पिकदाणी मी त्याच्या डोक्यावर उपडी केली. तिघांची थुंकी. त्यानं वेताची काठी उचलली. पाठीवर, मानेवर, कानावर. कान फुटला. त्या कानानं आजही ऐकू येत नाही. मी मेजावरची बाटली तिच्या मानेकडून धरली आणि त्याच्या कपाळावर हाणली. बाटली फुटली. कपाळही. रक्त कुठलं, दारू कुठली, कळेना. पाहुणे पळाले. मी कोठीत शिरले. हाताला लागेल ती बाटली जमिनीवर आपटली.

फौजदाराकडे जायची खोताची छाती नव्हती. दारू कुठून आली, ते आधी सांगावं लागलं असतं. त्यानं गडी पाठवले. त्यांनी आमचं खोपटं पाडलं, वर काडी लावली. नवरा अंगणात बसून रडत होता.

"पाय धर गो त्यांचे. नायतर खंय जातलव?"

"तूच धर. मी मरान, पण धरूचंय नाय."

तो गेला धरायला. मी दुसऱ्या गावात काजूच्या बागेत रोजावर लागले. एकटी. कमरेला कोयता असतो. मुकादम नवा आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगते, "काम तोंडान सांग. आंगाक हात लावशीत, तर थंयच तोडीन."