कपाटाला वळसा

"डोळे उघडे ठेवून वाचत जा जरा," असं सावंतांनी ऑफिसच्या ग्रुपवर शिंदेबाईंना सुनावलं. दोघांच्या टेबलांमध्ये एक लोखंडी कपाट तेवढं आहे. बाई उठल्या, कपाटाला वळसा घालून थेट त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हं, आता बोला."

सावंतांचे कान लाल झाले. "अहो... बसा ना. चहा सांगू?"

मला भारी मजा वाटली. माणसाची भीड डोळ्यांत असते. बिचाऱ्या बोटांना ती कुठून येणार? समोर माणूस दिसला की रागसुद्धा खुर्ची पुढे करतो.

थोड्या वेळाने दोघं एकाच पुड्यातली बिस्किटं चहात बुडवून खिदळत होते. आम्ही बाकीचे मात्र ग्रुपवर त्यांच्या वतीने अजून तावातावाने भांडत होतो.