हिरव्या रंगाखालची चीर

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं तेव्हा माझं पोस्टिंग कुलाब्याच्या आर्मी वर्कशॉपमध्ये होतं. रँक नाईक, ट्रेड फिटर. घर शिवाजी पार्कला. घरात सगळे कारकून, ग्रीसमध्ये हात घालणारा मी एकटाच. आमच्याकडे लढाईच्या वेळच्या दोन मोटरसायकली उरल्या होत्या, एकाच मेकच्या. एक लान्स नाईक शांताराम परब चालवायचा. तो डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरून सरकारी पाकिटं पोचवणारा, लालबागचा, गिरणी कामगाराचा मुलगा. दुसरी बंद पडून कोपऱ्यात उभी होती. स्पेअर मिळत नसत, म्हणून तिचे पार्ट काढून पहिलीला लावायचे. कुठला पार्ट काढला, कुठला खराब आहे, ते पुठ्ठ्याच्या टॅगवर लिहून तिथेच बांधायचं, हा वर्कशॉपचा रिवाज.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी हवालदार म्हणाले, ही लक्तरं काढा आणि रंग मारा. टॅग मीच कापले, न वाचता. कोपऱ्यातल्या गाडीला हिरवा रंगही मीच मारला.

आठवड्याने शांतारामच्या गाडीच्या पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची उजवी नळी खड्ड्यात वाकली. सकाळी ०९३० ला ऑर्डर आली: शिवडीच्या डेपोत पाकीट पोचवायचं, १०१५ ला निघायचं. शहर बंद होतं, टेलिफोन लागत नव्हता. मी कोपऱ्यातल्या गाडीची नळी उपसली. काचेवर लोळवून पाहिली, सरळ होती. नियमाप्रमाणे रंग खरवडून, रॉकेलने पुसून कुठे चीर आहे का ते बघायला हवं होतं. माप जुळतंय ना, मग झालं तर, असं म्हणत योकमध्ये, हँडलखालच्या पकडीत, बसवली आणि बोल्ट आवळले. शांताराम डोक्यावर उभा. मला तो शिवाजी पार्कच म्हणायचा.

"शिवाजी पार्क, हात चालव की रे."

"झालं. जा."

१०५० ला रे रोडवर गाडी पडली. शांताराम जागीच गेला. रस्त्यावर दगड पसरलेले होते, पलीकडे मोर्चातला जमाव होता. रिपोर्ट झाला, दगडफेकीत मृत्यू. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी मोर्चातल्या तिघांना उचललं. त्यात शांतारामचा धाकटा भाऊ वसंत होता.

गाडी वर्कशॉपात आली. नळी योकच्या खाली तुटली होती. तुटलेल्या कडेचा निम्मा भाग चकचकीत, निम्मा गंजून तपकिरी. गंज काही एका सकाळीत चढत नाही. चीर जुनी होती, माझ्या रंगाखाली दडली होती. मी कापलेल्या टॅगवर तेच लिहिलेलं असणार. आणि खरं सांगतो, त्यानंतर दोन दिवस मी तोंड मिटून बसलो. आजही त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी नळी घेऊन कॅप्टनसाहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी ती दोनदा फिरवून पाहिली.

"नाईक, याचा अर्थ कळतो?"

"येस सर. दगड लागला नाही. नळी मी बसवली."

माझ्या फिती गेल्या, कोठडी झाली. तिघंही सुटले.

कोठडी संपल्यावर लालबागला गेलो. शांतारामची आई खोलीच्या दारात बसली होती. वसंत घरी आला होता, पण त्याला का सोडलं ते कोणी त्या दोघांनाही सांगितलं नव्हतं. ती त्याचं ताट वाढायची, त्याच्याशी बोलत मात्र नव्हती. मी सगळं सांगितलं, टॅगपासून.

"म्हणजे माझ्या वसंतान दगड मारूक नाय?"

"नाही, मावशी."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"वसंताक मी सांगतंय. तू परत हय येव नको."

मी गेलो नाही. तिचं चुकलं नव्हतं.

फौज सुटल्यावर परळला गॅरेजमध्ये काम केलं. जुन्या गाडीची नळी हातात आली की आधी रंग खरवडायचा, मग रॉकेल, मग काच. गिऱ्हाईक कटकट करायचं. लान्स नाईक शांताराम परबही तेव्हा माझ्या डोक्यावर उभा असायचा, हात चालव म्हणायचा. त्याचं मी ऐकलं नाही.