नव्या पेशंटला आधी आई भेटतात

तीस वर्षं आईंनी टेलिफोनच्या बोर्डावर ऑपरेटर म्हणून काढली. निवृत्त झाल्या आणि सुनेच्या दवाखान्यात काउंटरवर येऊन बसल्या. सून अ‍ॅक्युपंक्चर करते. ती त्यांना आई म्हणते, म्हणून पेशंटही आईच म्हणतात.

बाहेर सहा खुर्च्या, आत दोन पलंग, मध्ये पडदा. नवा पेशंट आला की आई त्याला समोर बसवायच्या आणि त्यांची टकळी सुरू व्हायची. सैल कपडे घालून या. सुई केसासारखी बारीक असते. एकदा वापरली की फेकली, दुसऱ्याला नाही. टोचल्यावर जड वाटेल, मुंग्या येतील. कळ आली तर दात-ओठ खात पडू नका, सांगा. आणि एका दिवसात बरं करतो असं इथे कोणी म्हणत नाही हं.

एकेकाला पंधरा मिनिटं. बाकीचे ताटकळायचे. शेवटी सुनेने छापील फॉर्म आणला.

"आई, एवढा आठवडा फक्त फॉर्म वाटा. सोमवारपासून तुम्ही घरी आराम करा."

आराम हा शब्द आईंच्या जिव्हारी लागला.

गुरुवारी एक रंगारी बायकोला घेऊन आला. तिच्या हातात त्याचा जेवणाचा डबा होता. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या हाताने त्याने फॉर्म भरला. जुने आजार, चालू औषधं, सगळीकडे 'नाही'. आईंनी तो घेऊन नुसता आत पाठवायचा होता. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सकाळी काय खाल्लंत?"

"काहीच नाही. सुई आहे ना आज. उपाशीपोटी आलोय."

"अहो, ते रक्त तपासायला! इथे उपाशी आलात तर चक्कर येऊन आडवे व्हाल."

"आत आडवंच तर व्हायचंय."

"पोटात अन्न नाही, पण तोंड बघा कसं चालतंय," बायको म्हणाली.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?" आईंनी विचारलं.

"कुठल्याच नाहीत. लिहिलंय की."

उत्तर जरा जास्तच चटकन आलं. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला तेवढं पुरे होतं. त्या बायकोकडे वळल्या.

"सकाळी उठल्यावर हे पाण्याबरोबर काय काय घेतात?"

"एकच छोटीशी. हृदयाचं झालं होतं ना, तेव्हापासून. रक्त पातळ राहायची."

"ती काय गोळी झाली? ती तर रोजचीच आहे!" रंगारी म्हणाला. "औषध आजारी माणूस घेतो. मी कुठे आजारी आहे?"

पडद्याआडून सुनेने डोकं काढलं. "आई, पाठवताय ना?"

"नाही," आई म्हणाल्या. सहाही खुर्च्यांनी ऐकलं.

सुनेने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ बोलली.

"आता मी गोळी बंद करू का?" रंगाऱ्याने मध्येच विचारलं.

"मनाने काही बंद करायचं नाही," आई गरजल्या. "डबा उघडा आधी."

तो मुकाट्याने जेवला. पाऊण तासाने आत गेला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सुनेने मोजक्याच सुया लावल्या आणि काढल्यावर प्रत्येक जागी कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला. बाहेर आल्यावर खांद्याबद्दल तो काही बोलला नाही. पुढच्या गुरुवारची वेळ मात्र त्याने स्वतः मागून घेतली.

दुपारी दवाखाना रिकामा झाला. सून तो फॉर्म घेऊन आईंसमोर, पेशंटच्या खुर्चीत बसली.

"प्रश्न तर बरोबर लिहिलाय मी. मग चुकलं कुठे?"

"कागदाला 'नाही' म्हटलं की कागद गप्प बसतो," आई म्हणाल्या.

सून हसली. मग हसू आवरून तिने विचारलं, "सोमवारी याल?"

"नऊला येते. खुर्च्या मात्र दोन वाढव. लोकांना थांबावं लागणार आहे."