सरूबाईचं जाळं आणि साहेबांची पट्टी

सरूबाई भोई साठीला टेकली, पण माणूस पारखायला तिला अजून एक नजर पुरते. मत्स्य खात्याचे नवे साहेब जीपमधून उतरले आणि बुटांना चिखल लागू नये म्हणून टाचांवर चालू लागले, तेव्हाच तिनं त्यांना मनातून निकालात काढलं.

दौंडच्या खाली भीमेच्या काठी तिची हयात गेली. बारीक भोकांच्या जाळ्यावर सरकारची बंदी आहे आणि ती तिला पटते. बोटाएवढी पिल्लं, म्हणजे बोटुकली, तिनं कधी धरली नाहीत. तिच्याकडे एकच जाळं, स्वतः विणलेलं. घर चालतं ते त्याच्यावरच.

साहेबांनी त्याच जाळ्याला पट्टी लावली. तीही भोकाच्या एका बाजूला, म्हणजे माप निम्मंच भरलं.

“सायेब, असं न्हाई. वढून धरा, समोरच्या गाठीपातूर मोजा. नियमच हाय तसा.”

“मला शिकवू नका, मावशी. जप्त!”

शेजारी मच्छीमार संस्थेचे चेअरमन हौसराव उभे होते. पन्नास एकर ऊसवाले गृहस्थ, पाय भिजला तरी शिंका येणारे. पण नदीतल्या मासेमारीचा ठेका यांच्या खिशात. “कायदा म्हंजी कायदा, सरूबाई,” ते म्हणाले. यांचे गडी मच्छरदाणीच्या कापडानं नदी गाळतात हे अख्ख्या काठाला ठाऊक. साहेबांना तेवढंच दिसत नव्हतं.

जाळं जीपमध्ये गेलं. आणि निर्लज्जपणा बघा, साहेबांच्या जेवणाचे मासे साफ करायला हौसरावांच्या मळ्यावर बोलावणं आलं ते सरूबाईलाच. ती गेली. पाटीत बघते तर सगळी बोटुकली! तिचं डोकं सणकलं. तरी तिनं मासे साफ केले, तळले, वाढले. मग साहेबांच्या फायलीवरची पट्टी उचलली आणि त्यांच्या ताटात माशाशेजारी ठेवली.

“मोजा सायेब. ही तर माझ्या जाळ्यातनं पार निसटून जात्यात. मंग आली कुणाच्या जाळ्यातनं?”

हौसरावांना ठसका लागला. साहेबांनी माशाकडं पाहिलं, हौसरावांकडं पाहिलं आणि तोंडातला घास गिळला.

“चौकशी करू,” ते पुटपुटले.

“करा की. आधी जेवा पोटभर.”

सरूबाईनं जीपमधून आपलं जाळं ओढून काढलं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागली. तिला अडवायला कुणी उठलं नाही. ताटात अजून मासे होते.